पेटीतल्या पत्रांबद्दल, चि. रेवास

॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

चि. रेवा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवाचा मेल वाचला. पेनसिल्व्हेनियातल्या एका शिपायाने अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, उत्तरेच्या बाजूने लढताना, १८६२ ते १८६४ या काळात, बायकोला लिहिलेल्या साठ-पासष्ट पत्रांची पेटी तुझ्या हवाली झाली आहे. त्यांतली दहा-बारा मराठीत आणून दिवाळी अंकाला द्यायचा तुझा बेत आहे. बेत मला मनापासून आवडला. पण "निम्मी पत्रं नुसती हवापाणी, पैसे आणि टपालाची तिकिटं यांनी भरलेली आहेत, ती गाळते" असं जे तू लिहिलंयस, त्याला चार ओळींत उत्तर देववेना, म्हणून हे लांब पत्र. बाळा, ती पत्रं गाळू नकोस. त्या दोघांचा संसार त्याच पत्रांत आहे.

आधी कागदाचं बोलू. तुझ्या मेलसोबतच्या फोटोंत शाई तपकिरी दिसते आहे, आणि दोन-तीन ठिकाणी अक्षराच्या जाड रेघेवर कागद फाटल्यासारखा वाटतो. ती कसर नव्हे, शाईने खाल्लेला कागद आहे. त्या काळातली तिकडची शाई मायफळ, हिराकस, डिंक आणि पाणी यांची. मायफळ म्हणजे बाळगुटीत सहाणेवर उगाळतात तेच. त्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड एकत्र आलं की आधी फिकट रंग येतो, हवा लागली की काळा होतो, आणि वर्षं गेली की तपकिरी पडतो. या शाईत आम्ल असतं. टाक जिथे दाबला गेला, जिथे शाईचा थेंब साचला, तिथे कागद ठिसूळ होऊन अक्षराच्या आकाराचा तुकडाच गळून पडतो. आपल्या मोडी कागदांवरची काजळाची शाई दोनशे वर्षांनीही काळीभोर राहते, कारण काजळी कागदाला खात नाही. पण ती पाण्याने पसरते. तुझ्या पेटीतल्या शाईला पाण्याचा स्पर्श तर नकोच, दमट हवाही नको, कारण ओल मिळाली की आम्ल आणि लोखंड दोन्ही आजूबाजूच्या कागदात शिरतात. घडी उघडत नसेल तर वाफ देणं, ओल्या टिपकागदाखाली ठेवणं, असलं काही स्वतः करू नकोस. तिथल्या जतन विभागाकडे दे.

कागद मात्र तुला वाटतो तितका नाजूक नाही. १८६० च्या आसपासचा लिहायचा कागद बहुतेक चिंध्यांचा असे. लाकडाच्या लगद्याचा, पिवळा पडून चुरा होणारा कागद सर्रास झाला तो युद्धानंतर. तेव्हा भीती पानाची नाही, घडीची आहे. खिशातल्या पाकिटात मावावं म्हणून ताव तीनदा-चारदा दुमडलेला असतो, आणि दीडशे वर्षांत तो शेकडो वेळा उघडून मिटलेला असतो. दोन्ही हातांनी, टेबलावर टेकवून, एका वेळी एकच घडी उघड. हातमोजे घालू नकोस. सुती मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले बरे. टेबलावर पेन आणूच नकोस, शिसपेन्सिलच ठेव. अप्पा बळवंत चौकातून घेऊन दिलेल्या एचबी पेन्सिली त्यासाठीच आहेत. टूबीने काजळी उडते.

पेटीतला क्रम बदलू नकोस. आपल्याकडे पेशवे दप्तरातला रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडताना जे पथ्य आपण पाळतो, तेच इथे. कुठला कागद कोणत्या कागदाशेजारी बांधलेला होता हीसुद्धा माहिती असते, आणि रुमाल एकदा विस्कटला की ती कायमची जाते. आहे त्या क्रमाने आकडे दे, पत्र आणि पाकीट यांचे फोटो एकत्र काढ, आणि पाकीट त्याच पत्राचं आहे हे गृहीत धरू नकोस. घरातली माणसं पत्रं पुन्हा पुन्हा वाचतात आणि ज्या पाकिटात हात जाईल त्यात परत ठेवतात.

ताव मधोमध दुमडला की चार पानं होतात. पहिलं आणि चौथं बाहेर, दुसरं आणि तिसरं आत. बहुतेक जण क्रमाने लिहितात, पण काही जण पहिल्यानंतर चौथं लिहितात आणि मग ताव उघडून आतली दोन पानं भरतात. वाक्य तुटलेलं वाटलं की आधी हे तपासून बघ. जागा संपली की मजकूर समासात जातो, मग पहिल्या पानाच्या माथ्यावर उलटा, आणि तेही भरलं की पान काटकोनात फिरवून आधीच्या ओळींवरून आडवं लिहितात. तू "जाळी" म्हणतेस ती हीच. ती वाचायची सोपी युक्ती म्हणजे फोटो छापून घ्यायचा, एका दिशेच्या ओळींवर पिवळी पेन्सिल हलकी फिरवायची, आणि मग फक्त पिवळ्या वाचायच्या. नंतर कागद फिरवून उरलेल्या. डोळा एकदा दिशेला सरावला की दुसरी दिशा आपोआप मागे पडते.

जी पत्रं शिसपेन्सिलीने लिहिलेली आहेत ती उडालेली नाहीत, घासली गेली आहेत. टॉर्च टेबलाच्या पातळीला धरून प्रकाश आडवा टाक. पेन्सिलीच्या दाबाने पडलेली चर सावलीत दिसते. फिकी पडलेली शाई अतिनील प्रकाशात गडद दिसते, पण ते काम प्रयोगशाळेचं. अशा प्रकाशाने कागदाचं नुकसान होतं, म्हणून एकदाच फोटो काढून घ्यायचा असतो.

आता वाचनाकडे येते. उतारा दोनदा कर. पहिल्यांदा जसं दिसतं तसं, ओळीला ओळ, चुकीला चूक, खोडलेलं खोडलेलं म्हणून. मग दोन दिवस थांब, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाच. हा माणूस शेतकरी आहे, चार हिवाळे शाळेत गेला असेल नसेल. तो जसं बोलतो तसं लिहितो; न उच्चारली जाणारी अक्षरं लिहीतच नाही, विरामचिन्हं नाहीत, मोठं अक्षर वाटेल तिथे. डोळ्यांना जे कोडं वाटतं ते कानाला लगेच कळतं. दोन 'एस' लागोपाठ आले तर पहिला लांब, खाली शेपटी सोडलेला असतो आणि 'एफ' किंवा 'पी' वाटतो. तारखेमागे 'इन्स्टंट'चं आखूड रूप दिसलं तर ते आपलं 'माहे मजकूर', चालू महिना. 'अल्टिमो' दिसलं तर मागचा महिना. मोडीतल्या तारखांना सरावलेल्या डोळ्याला यात नवं काही नाही. न लागलेला शब्द चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह ठेव, आणि गावाचं नाव तर कधीच अंदाजाने भरू नकोस. ध चा मा अक्षर बदलून होतो तसा रिकामी जागा उत्साहाने भरूनही होतो.

साल लावणं हे या पेटीतलं सगळ्यात किचकट काम आहे. डाकेच्या शिक्क्यावर त्या काळी बहुधा दिवस आणि महिनाच असे, साल नसे. शिपाई व्हर्जिनियातून लिहितो, "फॉलमथजवळच्या तळावरून, रविवार, १४ डिसेंबर." इथे वार कामाला येतो. १४ डिसेंबरला रविवार होता तो १८६२ मध्ये. १८६१ मध्ये शनिवार, १८६३ मध्ये सोमवार, १८६४ मध्ये बुधवार. म्हणजे हे पत्र फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशीचं. १३ तारखेला नदीपलीकडे मुख्य हल्ला झाला; त्या लढाईत उत्तरेची सुमारे साडेबारा हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली, आणि १५ च्या रात्री सैन्य ती रॅपाहॅनॉक नदी ओलांडून मागे आलं. हे माहीत नसेल तर त्या पत्रातलं "मी अजून खुशाल आहे" हे वाक्य तुला रोजच्यासारखंच वाटेल.

जानेवारीच्या पत्रांना जास्त सांभाळ. नवं वर्ष लागलं तरी हात सवयीने जुनंच साल लिहितो. फॉलमथच्या तळावरून जानेवारी १८६२ असं कुणी लिहिलं असेल तर ती चूक आहे, कारण उत्तरेचं सैन्य तिथे त्या जानेवारीत नव्हतंच. ते १८६३ चं. मजकुरातही खुणा सापडतात. २० जानेवारी १८६३ ला उत्तरेचा सेनापती बर्नसाइड याने सैन्य हलवलं आणि पावसाने सगळं चिखलात रुतलं. तोफा ओढायला माणसं जुंपली, त्या दोन-तीन दिवसांचं वर्णन वाचलं की तारीख लागते. महिनाअखेर त्याच्या जागी जनरल हुकरकडे सूत्रं आली, आणि त्याने कडक बिस्किटांच्या जोडीला मऊ पाव आणि रजा सुरू केल्या. म्हणून 'मऊ पाव मिळाला' ही ओळसुद्धा काळ सांगते. पलटण कुठे होती हे सरकारी कागदांत आहेच, दर दोन महिन्यांच्या हजेरीपटातही आहे. पत्र आणि हजेरीपट शेजारी ठेवून वाचायची सवय लाव.

ती सवय आणखी एका कारणासाठी हवी. तो जवळजवळ प्रत्येक पत्रात "प्रकृती नेहमीसारखी" लिहितो. हजेरीपटात त्याच महिन्यात "आजारी, गैरहजर" असेल तर? त्या युद्धात मेलेल्यांपैकी दर तिघांतले दोघे रोगाने गेले. हगवण, विषमज्वर, गोवर. उत्तरेच्या छावणीतून घरी जाणारी पत्रं कुणी उघडून तपासत नसे, ती तपासणी कैद्यांच्या पत्रांना होती. म्हणजे आजार लपवला तो कुणाच्या हुकमाने नाही, त्याचा त्यानेच, तिच्यासाठी. त्याला खोटारडा ठरवणारी तळटीप देऊ नकोस. दोन तारखा शेजारी छाप, बस्स.

आता मायन्याबद्दल, कारण तुझा कंटाळा तिथून सुरू होतो. पत्र उघडलं की तेच ते. हाती टाक घेऊन कळवतो की मी खुशाल आहे, आणि या चार ओळी पोचतील तेव्हा तुम्हीही खुशाल असाल अशी आशा करतो. हा त्यांचा मायना. आपल्या जुन्या पत्रांतलं "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे. विशेष" वाचताना आपण थांबत नाही, 'विशेष'पाशी जातो. या पत्रांतही तो 'विशेष' शोध. पण मायना ओलांडायच्या आधी तीन गोष्टी बघ. मायना मुळीच नसेल, पत्र एकदम मजकुराने सुरू होत असेल, तर त्या दिवशी काहीतरी झालेलं आहे. मायन्याची शब्दरचना बदलली असेल, जास्त सुबक झाली असेल, तर लिहिणारा दुसरा आहे. आणि अक्षर बदललं असेल तर तो बहुतेक दवाखान्यात आहे. लिहिता न येणाऱ्यांची किंवा उठून बसता न येणाऱ्यांची पत्रं सोबती, धर्मगुरू, शुश्रूषा करणारी माणसं लिहीत. कवी वॉल्ट व्हिटमनने वॉशिंग्टनच्या दवाखान्यांत हेच काम केलं. न्यू हॅम्पशायरच्या पलटणीतल्या रॉबर्ट जाबो या क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या शिपायासाठी त्याने जानेवारी १८६६ मध्ये त्याच्या बायकोला लिहिलेलं पत्र विधवा-पेन्शनच्या फायलीत सापडलं, आणि आपण लिहून देतो आहोत हे त्याने तिथे खाली नोंदवलेलं आहे.

पेन्शनच्या फायलींचं महत्त्व ध्यानात ठेव. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळू लागले. त्यासाठी लग्न झाल्याचा पुरावा लागे. दाखला नसला की बायका नवऱ्याची पत्रं जोडत, कारण त्यांत "प्रिय पत्नी" असं लिहिलेलं असे. ती पत्रं परत मिळत नसत. म्हणून आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तुझ्या पेटीत मधलं एखादं पत्र गहाळ वाटलं तर शिपायाच्या नावाने तिथे विचारून बघ.

पैशांची पत्रं तू गाळायला निघालीस, त्यांच्यासाठी एक वही कर. शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, १८६४ च्या मध्यापासून १६. दर दोन महिन्यांच्या अखेरीला हजेरी होई, म्हणजे फेब्रुवारी, एप्रिल, जून असं करत, आणि त्यानंतर पगार वाटणारा अधिकारी यायचा. कागदावर दोन महिन्यांनी मिळायचे पैसे प्रत्यक्षात चार-चार, सहा-सहा महिने रखडत. तेवढे दिवस घरी बायको दुकानात उधारीवर. मग तो एकदम वीस डॉलर पाठवतो, तेही पाकिटात घालून किंवा खासगी पार्सल कंपनीमार्फत, कारण टपालाची मनीऑर्डर अमेरिकेत सुरू झाली ती १ नोव्हेंबर १८६४ ला. पैसे पोचले की नाही हे कळायला दोन पत्रं लागतात, एक जायला आणि एक यायला. म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारतो. वहीत चार रकाने आख: पाठवल्याची तारीख, रक्कम, कुणाबरोबर, पोचल्याचा उल्लेख. रकाने भरले की दिसेल की जे वाक्य तुला रटाळ वाटलं ते त्याने तीन पत्रांत तीनदा विचारलंय, आणि चौथ्यात विचारलेलं नाही. म्हणजे मधल्या काळात तिचं उत्तर आलं.

हाच मार्ग तिच्यापर्यंत जातो, रेवा. तिची पत्रं पेटीत नाहीत, असं तू म्हणतेस. बहुतेक पेट्यांत बायकोची पत्रं नसतातच. पाठीवर ओझं घेऊन चालणारा माणूस किती कागद बाळगणार? पाठपिशवी वाटेत टाकावी लागे, पावसात भिजे, आणि लढाईच्या आदल्या दिवशी बरेच जण घरची पत्रं जाळून टाकत, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. तेव्हा त्याच्या पत्रांतून तिची पत्रं उभी कर. "तुझं ४ तारखेचं पोचलं" असं तो लिहितो, तिथे तिच्या पत्राची तारीख मिळाली. "घोडी विकावी का असं विचारतेस" म्हटलं की तिच्या पत्रातला मजकूर मिळाला. "कुंपणाचं तुझ्या भावाला सांग" म्हटलं की तिची अडचण कळली. ही यादी केलीस की बहुधा एक गोष्ट दिसेल. सुरुवातीला तो हुकूम सोडतो, अमुक वीक, तमुक पेर. दीड-दोन वर्षांनी "तुला योग्य वाटेल ते कर" असं येऊ लागतं. शेत तिच्या हाती गेलेलं असतं. अनुवादात हा बदल क्रियापदांत उतरला पाहिजे. आधी "विकून टाक", नंतर "विकलीस तर चालेल".

तिकिटांचं थोडं सांगते. अर्ध्या औंसाला, म्हणजे चौदा ग्रॅमला, तीन सेंट. कागद उभा-आडवा भरायचं एक कारण हे. १८६२ मध्ये लोकांनी नाणी दडवून ठेवली आणि सुट्या पैशांऐवजी टपालाची तिकिटंच बाजारात चालू लागली. छावणीत चिकट हवेत ती एकमेकांना चिकटून वाया जात. म्हणून प्रत्येक पत्रात "चार तिकिटं पाठव". जुलै १८६१ च्या कायद्याने शिपायाला तिकिटाशिवाय पत्र टाकता येई, पाकिटावर 'सोल्जर्स लेटर' लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची, आणि टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याने भरायचे. तुझ्या पेटीत अशी पाकिटं किती आहेत ते मोज. त्यातल्या प्रत्येक पत्रासाठी तिने टपालकचेरीत जाऊन स्वतःचे तीन सेंट भरले आहेत. खेड्यांत घरपोच टपाल १८९६ नंतर आलं. शहरांत काही ठिकाणी १ जुलै १८६३ पासून. शेतातलं काम टाकून ती गावात गेली असणार, आणि बऱ्याचदा रिकाम्या हाताने परतली असणार.

आता मराठीचं. "माय डिअर वाइफ"ला "माझ्या प्रिय पत्नीस" केलंस तर ते नाटकातलं वाटतं. त्या काळी आपल्याकडे सामान्य घरात नवरा बायकोला थेट पत्र फारसा लिहीतच नसे. पत्र वडीलधाऱ्यांच्या नावे जाई. तेव्हा तयार साचा शोधून मिळणार नाही. आनंदीबाई जोशांनी अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेली पत्रं जरूर वाच. वीसेक वर्षं नंतरची आहेत, पण नवराबायकोत कागदावर मराठी कशी बोलली जाते ते तिथे कळेल, आणि त्यांतली बरीच तू आत्ता आहेस त्या पेनसिल्व्हेनियातूनच आलेली आहेत. माझं मत विचारशील तर मायन्यात तिचं नावच ठेव. मूळ पत्रात नसेल तर नुसतं "प्रिय" पुरे. शेवटी "मरेपर्यंत तुझाच" असा शब्दशः अनुवाद करू नकोस. त्या इंग्रजीत ते सहीच्या आधीचं ठरलेलं वाक्य आहे, आपल्या "लोभ असावा"सारखं. मराठीत ते चित्रपटातलं होतं.

त्याच्या अशुद्ध लेखनाला ग्रामीण बोलीचं रूप देण्याचा मोह तुला होईल. देऊ नकोस. पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी साताऱ्याकडची बोली बोलू लागला की वाचकाला तो सातारचाच दिसतो, आणि वर हसू येतं. साधी, छोट्या वाक्यांची, अलंकार नसलेली प्रमाण मराठी घे, विरामचिन्हं कमी ठेव, आणि लेखन कसं होतं ते प्रस्तावनेत एकदा सांग. शब्द आपल्या वापरातले घे: रेजिमेंटला पलटण, फर्लोला रजा, रेशनला शिधा, पिकेटला पहारा. बोलीतले फसवे शब्द सांभाळ. 'हत्ती पाहिला' असं त्याने लिहिलं तर ते पहिली लढाई अंगावर घेतली असं आहे. हत्ती ठेवलास तर पुण्यातला वाचक सर्कस समजेल. 'ग्रेबॅक' म्हणजे कधी दक्षिणेचा शिपाई, कधी त्यांची नोट आणि कधी उवा. मागचं-पुढचं वाचून ठरव.

सलिव्हन बलूचं पत्र तू नमुना म्हणून समोर ठेवलंयस असं दिसतं. ऱ्होड आयलंडच्या दुसऱ्या पलटणीतला मेजर. १४ जुलै १८६१ ला वॉशिंग्टनजवळच्या तळावरून त्याने पत्नी सेराला ते लिहिलं, २१ ला बुल रनच्या लढाईत जखमी झाला आणि आठवड्याभरात गेला. पत्र त्याने टाकलंच नव्हतं. मीही ते पुन्हा पुन्हा वाचते. पण तो वकील होता, वक्तृत्व त्याच्या हातात होतं, आणि त्याच्या हस्ताक्षरातलं मूळ पत्र आज उपलब्ध नाही. ज्या प्रती आहेत त्यांत पाठभेद आहेत. तुझ्या पेटीत मूळ कागद आहे, डाग आणि खाडाखोडीसकट. दोन्हींना एकाच मापाने मोजू नकोस.

प्रस्तावनेत एक बाजू राहू नये. उत्तरेच्या सैन्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय शिपाई होते. त्यांना महिना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून ७ हाती, जून १८६४ च्या कायद्याने समान वेतन होईपर्यंत. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ आणि ५५ व्या पलटणींनी हा कमी पगार घ्यायलाच नकार दिला, आणि तेवढे महिने त्यांच्या घरी काहीच गेलं नाही. कित्येकांच्या बायका-मुलं अजून गुलामीत होती. पत्र आधी मालकाच्या हाती पडणार, हे धरूनच लिहावं लागे. स्पॉट्सवूड राइस या शिपायाने ३ सप्टेंबर १८६४ ला सेंट लुइसच्या लष्करी दवाखान्यातून आपल्या गुलामीतल्या मुलींना लिहिलं की मी तुम्हाला घ्यायला येतोय, आणि त्याच वेळी मालकिणीलाही पत्र टाकलं. शिपायांच्या बायका-मुलांना मुक्त करणारा ठराव ३ मार्च १८६५ चा. तुझा शिपाई घोडीच्या किमतीची चिंता लिहू शकला, ती लिहिता येण्यासारखी परिस्थिती प्रत्येकाच्या वाट्याला नव्हती, एवढं वाचकाला कळू दे. दक्षिणेच्या पत्रांत तू आत्ता शिरू नकोस. तिकडे कागदच संपला होता, वापरलेली पाकिटं उलटी करून आणि भिंतीला लावायच्या कागदावर लिहीत. त्यांचा अभ्यास वेगळा आहे.

दहा-बारा पत्रं निवडताना लढाईची तीन पुरेत. पैशांची चारेक घे, एकामागून एक, मध्ये काही न गाळता. आणि पाकिटांच्या मागच्या बाजू अजून पाहिल्या नसशील तर आधी बघ. तिथे कधी पोचल्याची तारीख असते, कधी बेरीज, कधी वाणसामानाची यादी. ते अक्षर पत्रातल्या अक्षरापेक्षा वेगळं निघालं तर बहुधा तिचं असेल, आणि तिच्या हातचं पेटीत कदाचित तेवढंच असेल. त्याचे फोटो वेगळे काढून पाठव.

जानेवारीची म्हणून तू बाजूला ठेवलेली जी तीन पत्रं आहेत, त्यांच्या माथ्यावरचे वार आणि तारखा मला लिहून कळव. साल मी इथून लावून देते. बाबांचे आशीर्वाद. थंड खोलीत बसतेस, अंगावर काहीतरी घे.

तुझी
आई